हनुवटीवरचा ठिपका

जानेवारीतली गोष्ट आहे. त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची होती, बाराला यायची, आणि गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे तोवर जागं राहणं आलंच, म्हणून मी मागच्या खोलीत कॉम्प्युटर लावून बसलो होतो. ही आमची कापसाची खोली. कापूस गेला की मोकळी होते, पण कोपऱ्यात सरकी सापडतेच आणि पंखा लावला की रुईचे पुंजके अजून उडतात. टेबलावर दोन एलईडी पॅनल एकाला एक लावून उभे केलेले, प्रत्येकी ६४ बाय ३२, म्हणजे मिळून १२८ बाय ३२ ठिपके, आणि त्या ठिपक्यांत माझी आजी. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. रात्री ओलिताला जाणाऱ्याला चहा दिल्याशिवाय ती झोपत नाही, बाबा जायचे तेव्हापासूनचा तिचा नेम आहे. कप ठेवला, पॅनलकडे पाहिलं, जवळ वाकून पाहिलं, मग दोन पावलं मागं सरकून पाहिलं आणि म्हणाली, "आत्याबाई होय ना ह्या?" मला काय आनंद झाला सांगू. सगळे मिळून ४०९६ ठिपके, तेही एकाच नारंगी रंगाचे, आणि त्यात सुनेनं सासू ओळखली. पण ती हलली नाही, तशीच पाहत उभी राहिली. म्हणाली, "पन त्यायचं गोंदन कुठी गेलं?"

मी म्हटलं आई, इतक्या लहान चित्रात नाही दिसत ते, सगळे ठिपकेच आहेत ना हे. ती म्हणाली, "मंग गोंदन काय होतं? ठिपकाच तं होता." आणि झोपायला गेली.

बाराला लाइन आली, मी वावरात गेलो, पण ते वाक्य सोबत आलं.

आता हे पॅनल काय प्रकरण आहे ते सांगतो. पिनबॉल माहीत असेल, उतरत्या टेबलावर लोखंडी गोळी, खाली दोन फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की गोळीला वर उडवणाऱ्या दांड्या, गोळी खाली पडू द्यायची नाही. आमच्याकडे खरं मशीन कोणी पाहिलेलं नाही, मीही नाही. मी पाहिली ती बहिरमच्या जत्रेतली खिळ्यांची फळी. फळीवर खिळे ठोकलेले, गोळी वरून सोडायची, ती खिळ्यांना आपटत टणटण करत खालच्या कोणत्यातरी खणात पडायची आणि खणावर लिहिलेलं असेल ते बक्षीस. आवाज अजून कानात आहे. मग तालुक्याला एमएससीआयटीच्या क्लासमधे एक्सपीवाल्या कॉम्प्युटरवर पिनबॉलचा गेम सापडला, सर बाहेर गेले की आम्ही पोट्टे तोच लावायचो. आणि मग पुष्कळ वर्षांनी, फोटो स्टुडिओत कामाला लागल्यावर, कळलं की जगात लोक ही जुनी मशीनं कॉम्प्युटरवर जशीच्या तशी उभी करतात. व्हिज्युअल पिनबॉल नावाचा प्रोग्राम आहे, रँडी डेव्हिस ह्या माणसानं २००० साली काढलेला, फुकट आहे, त्यात टेबल आपण स्वतः बनवू शकतो. लाकडी पेटी करायची, आत एक स्क्रीन आडवा टाकायचा, बाजूला बटणं, आणि समोर उभ्या भागात ती ठिपक्यांची पट्टी. माझी पेटी गावातल्या सुतारानं केली, जो तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल करतो त्यानंच. मी म्हणलं टेबलही मग तान्ह्या पोळ्याचंच करू. बंपर, म्हणजे गोळी आपटली की तिला उडवणारे खुंटे, ती गावातली घरं, रॅम्प म्हणजे मारुतीच्या पाराला वळसा घालणारा रस्ता, आणि गोळी एका भोकात गेली की दार उघडतं, दारात आजी, आणि ती बोजारा देते, बैल घेऊन दारी आलेल्या पोरांना देतात ती चिल्लर.

ह्या सगळ्यात माझा जीव गुंतला तो त्या पट्टीत. जुन्या मशीनांवर आकडे, फार तर अक्षरं असायची, मग १९९१ मधे डेटा ईस्ट कंपनीच्या चेकपॉइंट ह्या मशीनवर ठिपक्यांचा पडदा आला, तो १२८ बाय १६ चा, म्हणजे अर्धाच. पुढं विल्यम्स वगैरे बाकीच्या कंपन्या १२८ बाय ३२ वर आल्या आणि तेच माप धरून राहिलं. दोन काचांच्या मधे निऑन वायू, शंभराच्या वर व्होल्ट, जिथं वीज पोचेल तिथला ठिपका पेटतो, आणि निऑन पेटला की नारंगीच पेटतो, दुसरा रंग नाही. आमच्याकडं संत्र्याचा मुलूख म्हणून कोणाला संत्रं आठवेल, पण मला तो रंग पाहिला की आजीची चूल आठवते. जाळ नाही, जाळ पिवळा असतो. सकाळी राख सारल्यावर खालून निघतो तो आर. तसा रंग. त्या ठिपक्याला अर्धवट पेटणं जमत नाही, एकतर पेटतो नाहीतर विझतो, म्हणून फिका दाखवायचा असेल तर त्याला झपाट्यानं पेटवायचं-विझवायचं. तीन वेळांतून एकदा पेटवला की एकदम फिका, दोनदा पेटवला की मध्यम, तिन्ही वेळा पेटवला की लख्ख. आणि अजिबात नाही पेटवला की अंधार. अशा चार शेड. पुढं सोळा आल्या, पण मी चारवरच काम करतो. हट्ट म्हणा, पण चारमधे जो कस लागतो तो सोळात लागत नाही.

त्या काळी विल्यम्समधे ह्या कामाची वेगळी माणसं होती, स्कॉट स्लोमियनी, अ‍ॅडम ऱ्हाइन, आणि मशीनच्या कामात कोणी काय केलं ह्याची यादी असते त्यात टेबल कोणाचं, चित्रं कोणाची, संगीत कोणाचं, तसंच "डॉट्स" कोणाचे हेही असतं. ठिपके कोणाचे! मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. विल्यम्सनं १९९९ मधे पिनबॉलच बंद केलं, पण त्यांचे ठिपके आजही लोक कॉम्प्युटरवर नाचवतात. मी माझे ठिपके फ्लेक्सडीएमडी नावाच्या प्रोग्रामातून दाखवतो, त्याला चित्र दिलं की तो बरोबर त्या पट्टीवर पाठवतो. पण आधी चित्र ठिपक्यांचं व्हायला पाहिजे, आणि ते त्याचं काम नाही. ते आपलं काम.

पहिल्यांदा मला वाटलं सोपं आहे. फोटो घ्या, काळा-पांढरा करा, १२८ बाय ३२ करा, चार शेडवर आणा, झालं. दहा मिनिटांचं काम. तसं करून पाहिलं तर पट्टीवर जे आलं ते शेणाचा पोतेरा फिरवल्यासारखं होतं. कारण फोटो लहान करताना कॉम्प्युटर काय करतो तर शेजारशेजारच्या पन्नास-शंभर बिंदूंची सरासरी काढतो आणि एक ठिपका देतो. डोळ्यातला काळा आणि डोळ्याभोवतीचा पांढरा, सरासरी काढली की करडा. ओठ आणि दात, करडा. पदराचा काठ आणि कपाळ, करडा. एकदा डिदरिंग लावून पाहिलं, फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग ह्या दोघांची १९७६ ची पद्धत आहे, फार हुशार आहे, एका ठिपक्यात जी चूक उरते ती शेजारच्या ठिपक्यांना वाटून टाकायची, सोळातले सात हिस्से उजवीकडं, पाच खाली, तीन खाली डावीकडं, एक खाली उजवीकडं. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखं दाणेदार होतं. मोठ्या चित्राला हे जीवदान आहे. बैलाच्या मागं धूळ उडते ती मी अशीच केली, सुरेख झाली. पण चेहरा इतका लहान असला की ते दाणे चेहऱ्यावर पडतात, आजीच्या तोंडावर देवीचे वण आल्यासारखं दिसायला लागलं आणि मी ते घाईनं बंद केलं.

मग कळलं की बहुतेक काम आधीच करावं लागतं. फोटो लहान करण्याआधी त्यात काय ठेवायचं ते ठरवायचं, बाकी सगळं काळं करून टाकायचं, कारण काळं म्हणजे विझलेलं आणि विझलेल्याला काही खर्च नाही. मग एकदम १२८ वर न येता आधी त्याच्या चौपटीवर यायचं, डोळ्यांच्या कडा, नाकाची एक बाजू, पदराचा काठ हे हातानं जाड करायचं, मग लहान करायचं, मग एकेक ठिपका मोठा करून पाहायचा आणि हातानं बदलायचा. एक ठिपका पेटवला की आजी हसते, तो शेजारी सरकवला की रागावते. खरंच. ओठाच्या कोपऱ्यात हे पाहिलं मी, दोन तास तोच एक ठिपका इकडून तिकडं करत होतो. लाकडी बैल मात्र एका संध्याकाळी झाला. तो चाकांवर असतो, पाय हलतच नाहीत, फक्त चाकातले चार ठिपके फिरवले की बैल चालला. पोळ्याच्या दिवशी पोरं दोरीनं ओढतात तेव्हा तो जसा दगडावर अडखळतो, तसा एक फ्रेम मी मधे घातला, एका ठिपक्यानं वर उचललेला, आणि तो खरा बैल वाटायला लागला. म्हणजे खरा लाकडी बैल.

आणि अक्षरं. इंग्रजी अक्षर पाच बाय सातच्या चौकटीत आरामात बसतं, म्हणून सगळ्या मशीनांवर धडाधड अक्षरं नाचतात. आपलं अक्षर तसं बसत नाही. वर शिरोरेषा, त्याच्या वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, सगळं धरलं तर चौदा-पंधरा ओळी जातात, म्हणजे अर्धी पट्टी एका शब्दात संपली. त्यातही बोजारातल्या ब नं मला रडवलं. पोट चार ठिपक्यांचं केलं तर आतली तिरपी रेघ आणि पोटाची गोलाई एकमेकांत मिसळतात आणि पोट भरून जातं, पोट रिकामं सोडलं तर त्याचा व होतो. वोजारा. शेवटी पोट सहाचं केलं आणि आतली रेघ फिक्या शेडमधे टाकली, तेव्हा कुठं ब झाला. तालुक्यात कृषी केंद्रांवर ते लाल बोर्ड सरकत असतात ना, खते, बी-बियाणे, कीटकनाशके, त्यातला एक पॅनल ३२ बाय १६ चा असतो, तसे आठ जोडले की नेमकी पिनबॉलची पट्टी. आता मी तिथं युरिया घ्यायला जातो आणि बोर्ड वाचत उभा राहतो, बियाणेतला ब कसा केलाय पाहतो, आणि ज्यानं कोणी तो पहिल्यांदा बसवला असेल त्याच्याविषयी मला आपुलकी वाटते.

पण मी गोंदणावर होतो.

गव्हाचे वाफे भरत होते आणि मी धुऱ्यावर बसून हिशोब करत होतो, कारण मला आईला नीट उत्तर द्यायचं होतं. पट्टीवर आजीचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत चोवीस ओळींचा. खऱ्या माणसाचा चेहरा तेवढा म्हणजे अठरा सेंटिमीटर धरा. म्हणजे पट्टीवरचा एक ठिपका खऱ्या चेहऱ्यावरचे साडेसात मिलिमीटर. आजीच्या हनुवटीवरचं गोंदण ज्वारीच्या दाण्याएवढं, चार मिलिमीटर. एका ठिपक्याच्या जागेत ते पाव हिस्साही भरत नाही. सरासरी काढली की त्या ठिपक्याचा उजेड थोडा कमी होईल, पण चारच शेड असल्यावर थोडा कमी झालेला उजेड पुन्हा जवळच्या शेडवर जाऊन बसतो, आणि जवळची शेड तीच, चेहऱ्याची. म्हणजे गोंदण जाणारच होतं. मला हायसं वाटलं. चूक माझी नव्हती, सरासरीची होती.

सकाळी आलो, अंघोळ केली, आणि मूळ फोटो मोठा करून पाहिला, म्हटलं गोंदण नेमकं कुठं आहे ते पाहून हातानं टाकून देऊ. तर फोटोतही नव्हतं.

हा फोटो म्हणजे समोरच्या खोलीत हार घातलेला आहे तोच. आजी गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेरवीला फोटो लागतो, आणि आजीचा एकटीचा असा एकच फोटो होता, बँकेत खातं काढताना काढलेला पासपोर्ट साइज. मी तेव्हा स्टुडिओत नवीन होतो, हात बसत होता, आणि मनापासून वाटत होतं की आजीचा फोटो आपण स्वतः करायचा, चांगला करायचा. स्कॅन केला, मोठा केला, मागं निळं टाकलं, चेहरा उजळ केला, सुरकुत्या थोड्या कमी केल्या, आणि स्कॅनमधे आलेले डाग हीलिंग ब्रशनं काढले. कपाळावरचा एक डाग. हनुवटीवरचा एक डाग. मला आठवतसुद्धा नाही मी ते कधी काढले. ब्रश फिरवताना आपण पाहत नसतो, गडद काही दिसलं की हात जातो. नऊ वर्षं तो फोटो भिंतीवर आहे, रोज उदबत्ती लागते, आईनं कधी शब्द काढला नाही. तिला तेव्हाच दिसलं असेल का? की भिंतीवरच्या फोटोत माणूस असाच असतो, उजळ आणि साफ, असं तिनं धरून घेतलं, आणि ठिपक्यांमधे जेव्हा पहिल्यांदा आत्याबाई आत्याबाईंसारख्या दिसल्या तेव्हाच तिला ते शोधावंसं वाटलं?

मी तिला अजून विचारलेलं नाही.

आजीनं गोंदण बहिरमलाच घेतलं होतं, लग्नाच्या आधी. तेव्हा मशीन नव्हती, गोंदणाऱ्या बाया सुया एकत्र बांधून टोचायच्या. ती सांगायची की दोघींनी तिचे हात धरले होते आणि तिनं दातात पदर धरला होता. पुढं आजोबा गेले, कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, पण कपाळावरचं गोंदण होतं तिथंच राहिलं, हिरवट निळं, तिच्या काळ्या कपाळावर आधी नजरेत यायचं नाही आणि एकदा दिसलं की तेच दिसायचं. लहानपणी मी तिच्या मांडीवर पडून हनुवटीवरचं गोंदण बोटानं पुसायचा प्रयत्न करायचो आणि ती हसायची. म्हणायची, "नाही निंघत बापा ते. सोनंनानं इथंच उतरून घेतात, हे तेवढं संगं येते." आणि मी ते काढलं, माउसच्या दोन क्लिकमधे. आणि एकट्या आजीचं थोडीच. नऊ वर्षांत तेरवीचे फोटो किती केले असतील, लग्नाच्या अल्बममधे मागं बसलेल्या म्हाताऱ्या बाया किती उजळ केल्या असतील. गिऱ्हाइकाला तसंच पाहिजे असतं, साफ करून द्या म्हणतात, आणि मी चांगलं काम करणारा म्हणून माझ्याकडं येतात. त्या बायांच्या कपाळावर, गालावर, हनुवटीवर काय होतं ते आता मला माहीत नाही. माझ्याकडं फाइली आहेत, त्या साफ आहेत.

मग शोधायला लागलो. मूळ स्कॅन गेलेला, ती हार्ड डिस्क केव्हाच उडाली. पासबुक सापडलं, ट्रंकेत, आधार कार्डाच्या झेरॉक्सखाली, त्यावर तोच फोटो चिकटवलेला. कपाळावरचं गोंदण त्यात स्पष्ट होतं, दोन भुवयांच्या मधे, बोटभर वर. पण बँकेचा जांभळा शिक्का नेमका हनुवटीवरून गेलेला, तिथं शिक्क्याची गोल रेघ आणि गोंदण एकच झालं होतं. मी भिंग लावून, मोबाइल लावून, उन्हात धरून पाहिलं. नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, मधोमध. आत्याला फोन लावला, ती अचलपूरला असते, तर ती म्हणाली, "मधोमध कायचं, डाव्या अंगाले होतं." मी म्हटलं आत्या, तिच्या डाव्या अंगाला की आपण समोरून पाहिलं तर आपल्या डाव्या अंगाला? आत्या थांबली. व्हिडिओ कॉल लाव म्हणाली. लावला, तर तिनं स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं, मग काढलं, दुसरीकडं ठेवलं, मग डोळे मिटले. डोळे मिटून म्हणाली, मी माझ्या मायच्या मांडीवर डोकं ठेवलं तर ते मले खालून दिसे, ह्या बाजूनं. आणि पुन्हा गप्प झाली. पलीकडं त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "आपली डावी. समोरच्याची डावी."

मी आत्याचं ऐकायचं ठरवलं होतं, पण करायला बसलो तेव्हा पाहिलं की प्रश्न तसा उरलाच नव्हता. चेहरा रुंदीला अठरा ठिपक्यांचा होता. अठरा म्हणजे सम. सम संख्येला मधला ठिपका नसतो, नववा आणि दहावा, मधे रेघ. म्हणजे मधोमध गोंदण टाकायची सोयच नव्हती, एकतर नववा नाहीतर दहावा. मधोमध पाहिजे तर चेहरा सतराचा करावा लागला असता, आणि मग डोळे, नाक, ओठाच्या कोपऱ्यातला तो दोन तासांचा ठिपका, सगळं पुन्हा. मी तेही केलं. एक रात्र घालवून सतराची आजी केली, मधोमध गोंदण असलेली. चांगली होती, पण ती आजीची बहीण वाटत होती. दोन्ही ठिपके आळीपाळीनं दाखवूनही पाहिलं, एका फ्रेमला नववा, एका फ्रेमला दहावा, म्हटलं दोघींचंही राहील. पण झपाट्यानं बदलणारे दोन ठिपके मिळून दोन फिके ठिपके होतात, हनुवटीवर खरचटल्यासारखं दिसलं. काढून टाकलं. अठराचीच ठेवली, आणि नववा.

आणि तिथं गंमत नाही, माझा हात थांबला. कारण आजवर चित्र करायचं म्हणजे ठिपके पेटवायचे हेच डोक्यात बसलेलं. आजीचं सगळं तोंड असंच उजेडातून काढलं होतं, पांढरे केस लख्ख, पदराचा काठ लख्ख, गाल मध्यम, गळ्याखाली फिकं. ह्यावेळी तिचा रंग मी उजळ केला नाही, काळी होती ती, काळी म्हणजे मध्यम शेड, केसांच्या लख्खपणामुळं ती बरोबर काळी दिसते. आणि गोंदण काळं, म्हणजे तिथं काही पेटवायचं नव्हतं. तिथला पेटलेला ठिपका विझवायचा होता. हनुवटीची ओळ, नववा ठिपका, शून्य. कपाळावर भुवयांच्या वर एक, शून्य. बस, दोन ठिपके विझवले. मागं सरकून पाहिलं. मी पॅनलजवळ गेलो आणि बोट लावून पाहिलं, कशाला ते माहीत नाही. पॅनल कोमट असतो, आणि तेवढ्या एका ठिपक्यानं काही गार लागत नाही.

आई आली, पाहिलं, "हं" म्हणाली. कपाळावरचं बरोबर आहे म्हणाली. हनुवटीवरच्याबद्दल काही बोलली नाही.

पोळ्याला आत्या आली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं बैल घेऊन दारोदार फिरून आली, चिल्लर मोजून झाली, आणि मग सगळी मागच्या खोलीत त्या पेटीभोवती जमली. माझा पुतण्या आठ वर्षांचा आहे, त्याचा हात भारी चालतो, दोन मिनिटांत त्यानं गोळी बरोबर त्या भोकात घातली. दार उघडलं, पट्टीवर आजी आली, बोजारा असं आलं, ५०००० आलं, आणि ती गेली. दोन सेकंद. मशीनवर सगळं दोन सेकंदांचंच असतं, कारण खेळणाऱ्याची नजर खाली गोळीवर असते, वर पाहायला त्याला वेळ नसतो, पुतण्यानंही वर पाहिलं नाही. पाहिलं ते मागं उभ्या असलेल्या आत्यानं.

"गेली?"

मी म्हटलं येईल ना आत्या, गोळी पुन्हा त्या भोकात गेली की येते. तुला नुसता फोटो लावून देऊ का, तसाच राहील, हलणार नाही. ती म्हणाली, नाही. पुतण्याला म्हणाली, "सरक बरं थोडा." पदर खोचला आणि दोन्ही बाजूंच्या बटणांवर हात ठेवले, जात्याच्या खुंट्यावर ठेवावे तसे, घट्ट. तिला फ्लिपर कधी मारायचे कळत नव्हतं, दोन्ही एकदम मारायची, गोळी मधून खाली जायची, पोरं ओरडायची, मी नवी गोळी द्यायचो. आईही येऊन उभी राहिली. पाच-सहा गोळ्या गेल्या, मग दहा. आत्याच्या कपाळावर घाम आला. एकदा गोळी भोकाच्या काठावर जाऊन फिरली, फिरली, आणि बाहेर आली.

"आता येत होती पाह्य," आत्या म्हणाली, वर पट्टीकडं न पाहता, "टाक दुसरी."